कॅमकॉर्डरची कॅसेट ते डिस्क: एक काम नव्हे, दोन कामं

कपाटात कॅमकॉर्डरच्या कॅसेट्स आहेत, त्यातलं चित्रण डिस्कवर घ्यायचं आहे आणि ती डिस्क प्लेअरमध्ये घालून घरच्यांना दाखवायची आहे. ही इच्छा एका वाक्यात मावते, म्हणून काम एकच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, फितीवर जे आहे ते जसंच्या तसं संगणकात उतरवून घेणं. दुसरं, त्यातून प्लेअरला समजेल अशी डिस्क बनवणं. पहिलं काम घाईचं आहे आणि बहुधा एकदाच करायला मिळतं. दुसरं कधीही, कितीही वेळा करता येतं. ही दोन्ही कामं एकत्र उरकली की जे नुकसान होतं ते नंतर भरून निघत नाही, म्हणून मी या फरकाबद्दल एवढा आग्रही आहे.

घाई कशाची? फितीपेक्षाही जास्त घाई यंत्राची आहे. चांगली ठेवलेली फीत अनेक वर्षं टिकते, पण ती वाचणारे कॅमेरे आणि व्हीसीआर आता बनत नाहीत. फुनाई या जपानी कंपनीनं व्हीएचएस व्हीसीआरचं उत्पादन जुलै २०१६ मध्ये थांबवलं. ही यंत्रं बनवणाऱ्यांत तीच शेवटची ओळखली जात होती. जुन्या कॅमेऱ्यांचे रबरी पट्टे सैल पडतात, हेड (फितीवर लिहिणारे-वाचणारे भाग) झिजतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. कॅसेट शाबूत आहे पण ती लावायला कॅमेराच नाही, अशी वेळ येऊ नये.

आता आपल्या हातात नेमकी कोणती कॅसेट आहे ते पाहायचं, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. व्हीएचएस, तिची छोटी बहीण व्हीएचएस-सी, व्हिडिओ८ आणि हाय८ या ॲनालॉग कॅसेट्स. १९९५ मध्ये आलेली मिनीडीव्ही आणि १९९९ मधली डिजिटल८ या डिजिटल. गोंधळ होतो तो हाय८ आणि डिजिटल८ मध्ये, कारण कॅसेट दिसायला तीच असते. हाय८ची कोरी कॅसेट डिजिटल८ कॅमेऱ्यात घातली की त्यावर डिजिटल चित्रण होतं. त्यामुळे कॅसेटवरच्या छापील नावापेक्षा ती कोणत्या कॅमेऱ्यात भरली होती हे आठवणं महत्त्वाचं.

फितीवर काय असतं

व्हिडिओच्या फितीवर माहिती सरळ रेषेत लिहिलेली नसते. कॅमेऱ्याच्या आत एक छोटा तिरका ड्रम गरगर फिरत असतो, त्यावर हेड बसवलेले असतात आणि फीत त्याला वळसा घालून हळूहळू पुढे सरकते. त्यामुळे फितीवर एकाशेजारी एक तिरके पट्टे उमटतात. मिनीडीव्हीची फीत जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद, तिचा ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो आणि पॅल पद्धतीत (भारतातल्या टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ चित्रं) चित्राची एक फ्रेम अशा १२ पट्ट्यांमध्ये विभागून लिहिली जाते. एका पट्ट्याची रुंदी १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ‘एलपी’वर, म्हणजे तासाच्या कॅसेटमध्ये दीड तास भरायच्या सोयीवर, चित्रण केलं असेल तर पट्टा आणखी अरुंद, सुमारे ६.७ मायक्रॉनचा.

हे आकडे सांगायला कारण आहे. इतक्या बारीक पट्ट्यावर हेड अचूक बसलं नाही तर चित्रात चौकोन उमटतात, आवाज तुटतो. प्रत्येक कॅमेऱ्याची जुळणी केसभर वेगळी असते. म्हणून एलपीवर भरलेली कॅसेट ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच कॅमेऱ्यात नीट चालते आणि दुसऱ्यात अडखळते, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. जुना कॅमेरा बिघडला म्हणून टाकून द्यायच्या आधी याचा विचार करावा.

ॲनालॉग फितीवर चित्र चढउतारांच्या रूपात असतं. प्रत्येक वेळी वाचताना त्यात थोडा फरक पडतो, वर खरखर मिसळते. डीव्हीच्या, म्हणजे मिनीडीव्ही आणि डिजिटल८च्या, फितीवर मात्र आकडे असतात. ते बरोबर वाचले गेले तर संगणकात येणारी प्रत फितीवरच्या मूळ माहितीहून तसूभरही वेगळी नसते. डीव्ही कॅसेट संगणकात घेणं ही खरं तर नक्कल उतरवणं आहे, तिचं पुन्हा चित्रण करणं नाही.

डिजिटल कॅसेट: योग्य केबल, बस

मिनीडीव्ही किंवा डिजिटल८ असेल तर कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आयलिंक’ असं लिहिलेलं चार पिनांचं इवलंसं पोर्ट शोधा. ही फायरवायर नावाची जोडणी. शेजारी यूएसबीचं पोर्टही असू शकतं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांतलं यूएसबी फक्त मेमरी कार्डावरचे फोटो घेण्यासाठी किंवा वेबकॅमसारखं लहान, हलक्या दर्जाचं चित्र पाठवण्यासाठी दिलेलं होतं. मी पहिली कॅसेट यूएसबीनंच घेतली होती. चित्र आलं ते बारीक आणि धक्के खात, आणि फीत गेली असं धरून मी ती बाजूला ठेवून दिली. पुढे फायरवायरची केबल मिळाल्यावर तीच कॅसेट पुन्हा लावली, तर चित्र स्वच्छ. फितीला काहीच झालेलं नव्हतं.

नव्या संगणकांना फायरवायर नसतं. डेस्कटॉप असेल तर त्याचं कार्ड आत बसवता येतं. बाजारात एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी साधी जोडणी मिळते, तिच्या नादी लागू नका. ती फक्त पिनेचा आकार बदलते. दोन्ही बाजूंची भाषाच वेगळी असल्यामुळे तिच्यातून चित्रण येत नाही. जुना, फायरवायर असलेला लॅपटॉप कुणाकडून चार दिवसांसाठी मागून आणणं हा अनेकदा सगळ्यात सोपा मार्ग असतो. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा, आणि बॅटरीवर न चालवता थेट विजेवर चालवा.

कॅसेट कॅमेऱ्यात घालण्याआधी एक काम मात्र न विसरता करायचं. तिच्या कडेला एक छोटा खटका असतो, तो ‘सेव्ह’कडे सरकवा. व्हीएचएसला खटक्याऐवजी प्लॅस्टिकची पाकळी असते, ती मोडून टाकायची. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसलं जाणार नाही. नंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी घट्ट बसलेली फीत मोकळी होते. गार जागेतून आणलेली कॅसेट लगेच घालू नये. तिच्यावर दव धरलं तर ओली फीत ड्रमला चिकटते. पांढरट बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट अजिबात चालवू नका. तिच्यामुळे हेड खराब होतं आणि ती बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेट्सनाही लागते. अशी कॅसेट जाणकाराच्याच हाती द्यावी.

संगणकात घेताना वेळ वाचवायची सोय नाही. तासाभराच्या कॅसेटला तासभर लागतो. विंडोजवर ‘विनडीव्ही’ आणि लिनक्सवर ‘डीव्हीग्रॅब’ ही मोफत साधनं हे काम चोख करतात. फाइल दर सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट वाढते, म्हणजे तासाला सुमारे १३ जीबी. हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल तर तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि चित्रण एकोणीस-विसाव्या मिनिटाला थांबतं. कॅमेरा बिघडला की केबल सैल झाली हे शोधण्यात लोक दिवस घालवतात. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेली डिस्क वापरली की प्रश्न मिटतो.

डीव्हीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक फ्रेमबरोबर फितीवर चित्रणाची तारीख आणि वेळही लिहिलेली असते. ती पडद्यावर दिसत नाही, पण असते. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल, तर डीव्हीग्रॅबसारखं साधन ही तारीख वाचून प्रत्येक प्रसंगाची वेगळी फाइल करतं आणि तिच्या नावात तारीख-वेळ घालतं. कॅसेटवर नुसतं ‘सुट्टी’ लिहिलेलं असतं, आणि फाइलचं नाव सांगतं की तो अमुक दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी टिपलेला प्रसंग आहे. फोटोंच्या अल्बममध्येही इतकी नेमकी नोंद नसते. आणि डिस्क बनवताना ही सगळी माहिती गळून जाते. मूळ डीव्ही फाइल जपायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

चित्रात चौकोन आले तर घाबरून जाऊ नका. हेड साफ करायची कोरडी कॅसेट काही सेकंद चालवा आणि तोच भाग पुन्हा घ्या. पुष्कळदा दुसऱ्या खेपेला चौकोन वेगळ्याच ठिकाणी येतात, म्हणजे फितीवर माहिती आहे, वाचायला चुकते आहे. ‘डीव्हीरेस्क्यू’ हे मोफत साधन अशा दोन-तीन खेपांमधल्या चांगल्या फ्रेम निवडून एक धड प्रत जुळवू शकतं.

ॲनालॉग कॅसेट: इथे निगुतीनं

व्हीएचएस, व्हिडिओ८, हाय८ यांचं चित्र आधी आकड्यांत बदलावं लागतं, आणि ते कोण बदलतं यावर दर्जा ठरतो. पिवळ्या पिनेच्या केबलमधून प्रकाश आणि रंग यांचे सिग्नल एकत्र मिसळून येतात, ते पुन्हा वेगळे करताना कडा ओघळतात, बारीक नक्षीवर रंगांचे ठिपके धावतात. हाय८ कॅमेऱ्याला एस-व्हिडिओचं गोल पोर्ट असतं, त्यातून हे दोन्ही वेगळे येतात. ते असेल तर तेच वापरावं. आवाजासाठी मात्र पांढरी आणि लाल केबल लागतेच, एस-व्हिडिओतून आवाज येत नाही.

दुसरी अडचण थरथरीची. फीत यांत्रिकपणे सरकत असल्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ ठरल्या क्षणाच्या किंचित मागेपुढे येते. दाराची चौकट, विजेचा खांब, अशा उभ्या रेषा लाटेसारख्या हलताना दिसतात त्या यामुळे. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. ॲनालॉग चित्र आकड्यांत बदलून संगणकात देणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चर उपकरणाला ते जमत नाही. ते मध्येच फ्रेम गाळतं, आणि तासाभरानं ओठ आणि आवाज यांचा मेळ राहत नाही. यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो प्रत्येक ओळ क्षणभर साठवून ठरलेल्या वेळी पुढे सोडतो. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये आणि कॅमेऱ्यांमध्ये तो आतच असतो.

व्हिडिओ८ आणि हाय८ असलेल्यांसाठी एक उत्तम वाट आहे. डिजिटल८चे काही कॅमेरे या जुन्या ॲनालॉग कॅसेट्सही वाजवतात आणि चित्र स्वतःच आकड्यांत बदलून फायरवायरमधून बाहेर देतात. सगळीच मॉडेल्स हे करत नाहीत, घेण्याआधी तपासा. पण असा कॅमेरा मिळाला तर वेगळं कॅप्चर उपकरण लागत नाही, थरथरही बरीच आटोक्यात येते. माझ्या मते या कॅसेट्ससाठी घरच्या घरी याहून चांगला मार्ग नाही.

कॅप्चर उपकरणच वापरायचं असेल तर चित्र हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ अशा पद्धतीनं साठवा, ज्यात काहीही टाकून दिलं जात नाही. तासाला साधारण ३० जीबी लागतात. जास्त वाटतात, पण साठवणीची जागा आता काही दुर्मिळ राहिलेली नाही.

डिस्क म्हणजे नेमकी कोणती

इथून दुसरं काम सुरू होतं. ‘डिस्कवर घेतलं, पण प्लेअरमध्ये चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. संगणकातली व्हिडिओ फाइल उचलून डीव्हीडीवर कॉपी केली, तर ती झाली डेटा डिस्क, फाइलींची पेटी. संगणक ती उघडेल, काही नवे प्लेअरही उघडतील, पण डीव्हीडी प्लेअरला ती समजेलच असं नाही. त्याला हवी असते डीव्हीडी-व्हिडिओ. तिच्यात ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर असतं, त्यात चित्र-आवाज एकत्र असलेल्या, १ जीबीहून लहान तुकड्यांत कापलेल्या व्हीओबी फाइली, कुठून काय सुरू करायचं हे सांगणाऱ्या आयएफओ फाइली आणि त्यांच्या राखीव प्रती. ही सगळी रचना तयार करण्याला ‘ऑथरिंग’ म्हणतात. ‘डीव्हीडीस्टायलर’ हे मोफत साधन ते करतं, मेनू आणि प्रकरणंही लावून देतं.

या डिस्कवर चित्र सहसा एमपेग-२ पद्धतीनं दाबलेलं असतं. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे, स्वतःपुरती दाबलेली असते. एमपेग-२ पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एकदाच साठवतं आणि मधल्या फ्रेमसाठी काय बदललं एवढंच लिहितं. म्हणूनच १३ जीबीचा तास ४.७ जीबीच्या डिस्कवर मावतो. पण काही तरी सोडूनच तो मावलेला असतो. हलत्या हाताचं चित्रण, पानांची सळसळ, पाण्यावरची चमक, मंद उजेडातली खरखर, म्हणजे घरगुती चित्रणात जे सर्वाधिक असतं, तेच दाबायला सर्वांत अवघड.

तेव्हा एका डिस्कवर किती कोंबायचं? चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट) ही डीव्हीडीची कमाल मर्यादा आहे, पण घरी बनवलेल्या डिस्कवर तिथपर्यंत जाऊ नये, काही प्लेअर अडखळतात. ८ मेगाबिटला तासाभराचं चित्रण आवाजासह सुमारे ३.७ जीबी होतं आणि डिस्कमध्ये आरामात बसतं. दोन तास भरायचे तर चित्राला जेमतेम ४.८ मेगाबिट मिळतात आणि ते डोळ्यांना जाणवतं. एक कॅसेट, एक डिस्क हा हिशेब सगळ्यात चांगला. मी पूर्वी काही कॅसेट्स एका दुकानात दिल्या होत्या. त्यांनी दोन-दोन कॅसेट्स एका डिस्कवर बसवल्या, आणि मूळ फाइली मागितल्या तेव्हा त्या पुसून झाल्या होत्या. बाहेर काम देणार असाल तर आधीच सांगा: डिस्क द्या, पण डीव्ही किंवा मूळ फाइलही हार्ड डिस्कवर द्या.

संगणकावर ही फाइल पाहताना हलणाऱ्या वस्तूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात आणि काहीतरी बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. कॅमकॉर्डर सेकंदाला २५ अखंड चित्रं घेत नसे. तो ५० अर्धी चित्रं घ्यायचा, एकदा एकाआड एक ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या ओळी. दोन क्षणांचं चित्र एकात विणलेलं असतं, म्हणून ते दात. जुना टीव्ही त्या ओळी त्याच क्रमानं दाखवायचा, त्यामुळे हालचाल अगदी मऊ दिसायची. डीव्हीडीलाही ही पद्धत चालते, म्हणून डिस्कसाठी हे दात काढायला जाऊ नका. काढले तर हालचालीतली निम्मी माहिती कायमची जाते. फक्त कोणत्या ओळी आधी, हे बरोबर सांगायचं. डीव्हीत खालच्या ओळी आधी येतात. हा क्रम उलटा पडला तर धावणारं मूल एक पाऊल पुढे, एक मागे असं थरथरत जाताना दिसतं. असं दिसलं की समजायचं, फक्त एक खूण चुकली आहे.

फोनवर पाहायला एमपी४ हवी असेल तर मात्र हे दात काढावेत, आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवून काढावेत. ‘हँडब्रेक’ या साधनात तशी सोय आहे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. फीत पॅल असेल तर डिस्कही पॅलच ठेवा, एनटीएससी (अमेरिका, जपानकडची पद्धत) असेल तर एनटीएससी. चित्रण रुंद पडद्याचं असेल तर १६:९ ही खूण लावा, नाहीतर माणसं उंच आणि बारीक दिसतात. कॅमेऱ्यात आवाज ‘१२ बिट’वर असेल तर तो ३२ किलोहर्ट्झचा असतो, डीव्हीडीला ४८ लागतात. चांगलं साधन हा बदल आपोआप करतं, तरी एकदा तपासावं.

बर्न करताना, म्हणजे डिस्कवर लिहिताना, डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क काही जुन्या प्लेअरना वाचता येत नाहीत. वेग मध्यम ठेवा आणि लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ होऊ द्या. टीव्हीजवळच्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये डिस्क भरली असेल तर शेवटी ‘फायनलाइज’ करावंच लागतं. ते न केलेली डिस्क त्याच यंत्रात चालते आणि दुसरीकडे कोरी असल्यासारखी दिसते. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, त्यानं तिचा तोल जातो. मऊ टोकाच्या मार्करनं मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. ज्यांना देणार त्यांच्या प्लेअरवर एकदा लावून पाहा, आणि नुसती सुरुवात न पाहता शेवटची पाच मिनिटंही पाहा. बाहेरच्या कडेलाच चुका जास्त होतात.

मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या घरांत. आणि कॅसेट्स टाकू नका. पूर्ण मागे फिरवून, डब्यात घालून, उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब. खटका ‘सेव्ह’वरच असू द्या.